बिलियर्ड्सच्या खोलीचे दार : पुणे, स्नूकर आणि स्त्रिया

१/
ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांनी जगाला दोन खेळ दिले. एकाच्या नियमांचा सांगाडा पुण्यात बांधला गेला. दुसरा १८७५ मध्ये जबलपूरच्या एका मेसमध्ये जन्मला. पहिल्या खेळात धावावे लागते, उड्या माराव्या लागतात, दमसास टिकवावा लागतो. दुसऱ्यात टेबलाभोवती सावकाश चालावे लागते, वाकावे लागते आणि हात स्थिर ठेवावा लागतो.

२/
तरीही पहिल्या खेळात स्त्रिया जवळजवळ आरंभापासून स्पर्धक म्हणून उतरल्या, आणि दुसऱ्या खेळात त्यांच्या वाट्याला जागतिक स्पर्धा यायला शंभर वर्षे जावी लागली. पहिला खेळ बॅडमिंटन, दुसरा स्नूकर. शरीरबळाचाच हिशेब मांडला, तर हे अगदी उलटे व्हायला हवे होते. ते तसे का झाले नाही? याचे उत्तर खेळाच्या नियमांत सापडत नाही. ते एका खोलीच्या दारात सापडते. त्या दाराचा हा इतिहास.

३/
आधी पुण्याचा खेळ. फूल आणि फळी घेऊन खेळण्याची जुनी करमणूक पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी जाळे लावून नव्या रूपात आणली. १८७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिला नियम मिळाले. हा खेळ काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात होता. तो बंगल्याच्या आवारात, हिरवळीवर, संध्याकाळच्या चहाच्या सुमारास खेळला जाई. आवार हे कुटुंबाचे, म्हणून खेळही कुटुंबाचा. अधिकाऱ्यांच्या पत्नी आणि मुली सहज त्यात आल्या. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

४/
परिणाम लगेच दिसला. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये पहिली ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा भरली, तेव्हा तिच्यात तीन प्रकार होते : पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. पुढच्याच वर्षी एकेरीचे सामने सुरू झाले, तेही दोघांसाठी. म्हणजे या खेळाच्या सर्वांत जुन्या मोठ्या स्पर्धेत स्त्रिया पहिल्या दिवसापासून होत्या. त्यांच्यासाठी नंतर कधी वेगळे दालन उघडावे लागले नाही.

५/
पुण्यातही हेच घडले. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. त्या काळच्या मध्यमवर्गीय पुण्यात तीन बहिणींनी रॅकेट हाती घेऊन देशभर सामने खेळावेत, ही गोष्ट लहान नव्हती. घरातून प्रोत्साहन होते हे खरेच. पण मैदान मोकळे होते, हेही तितकेच खरे. बॅडमिंटनचे अंगण उघड्यावर होते. स्नूकरचे टेबल चार भिंतींच्या आत होते.

६/
आता जबलपूर. १८७५ च्या पावसाळ्यात डेव्हनशर रेजिमेंटचे तरुण अधिकारी मेसमधल्या बिलियर्ड्स टेबलावर वेळ घालवत असत. लाल चेंडूंचा ‘पिरॅमिड्स’ आणि पैज लावून खेळायचा ‘ब्लॅक पूल’ हे खेळ तेव्हा प्रचलित होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने टेबलावर आणखी रंगीत चेंडू ठेवून पाहिले आणि नवा खेळ जमला. हे चेंबरलेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचे ब्रिटिश पंतप्रधान नव्हेत. नावे सारखी, माणसे वेगळी.

७/
‘स्नूकर’ हे नावही मेसमधलेच. वुलिचच्या लष्करी अकादमीतील पहिल्या वर्षाच्या नवशिक्या कॅडेटला थट्टेने ‘स्नूकर’ म्हणत. एका सहकाऱ्याचा सोपा फटका हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला याच शब्दाने चिडवले, आणि मग ‘या खेळात आपण सगळेच स्नूकर’ असे म्हणून वेळ मारून नेली. नाव चिकटले. पुरुषांच्या वसतिगृहातली थट्टा अशा रीतीने एका जागतिक खेळाचे नाव झाली.

८/
नियम ठरले ते उटकमंडच्या क्लबात, १८८२ च्या सुमारास. ते कागदावर लिहून बिलियर्ड्सच्या खोलीत लावण्यात आले. १८८५ मध्ये इंग्लंडचा नामवंत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स धाकटा हिंदुस्थानात आला. कोलकात्यात कूचबिहारच्या महाराजांच्या मेजवानीत त्याची आणि चेंबरलेनची गाठ पडली, आणि नियम घेऊन तो परतला. जबलपूर, उटी, कोलकाता, लंडन : खेळाचा प्रवास झाला तो मेसमधून क्लबात आणि क्लबातून राजवाड्यात. या वाटेवर बंगल्याचे अंगण कुठेच लागले नाही.

९/
ते १८८२ साल पुण्याच्या बाजूने पाहावे. पंडिता रमाबाईंनी पुण्यात ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला तो १८८२ मध्ये. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे जळजळीत पुस्तक पुण्यात छापले गेले तेही १८८२ मध्येच. उटीच्या भिंतीवर खेळाचे नियम लागत होते, त्याच सुमारास समाजाचे नियम पुरुषांनीच का ठरवावेत, असा प्रश्न पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडत होता. हे दोन कागद एकमेकांना भेटायला मात्र फार काळ जावा लागला.

१०/
दार का बंद राहिले, हे समजायला टेबल समजून घ्यावे लागते. पूर्ण आकाराचे स्नूकर टेबल सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असते. हिरव्या लोकरी कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड लाद्या असतात. सगळे मिळून वजन टनाच्या पुढे जाते. क्यू फिरवायला चारही बाजूंनी मोकळी जागा हवी, वर झाकलेले दिवे हवेत, आणि जमीन सपाट हवी. असे टेबल सामान्य घरात मावत नाही. ते मावते राजवाड्यात, मेसमध्ये किंवा क्लबात.

११/
खेळ मात्र सोपा दिसतो. १५ लाल चेंडू, प्रत्येकी एक गुण. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७. एक लाल खिशात घालायचा, मग एक रंगीत. लाल संपेपर्यंत रंगीत पुन्हा जागेवर येतो. प्रत्येक लालनंतर काळाच घातला आणि शेवटी सर्व रंग क्रमाने संपवले, तर १४७ गुण होतात. यात कुठेही मनगटाच्या जोराची कसोटी नाही. कसोटी आहे ती कोनाची, अंतराची, संयमाची आणि सरावाच्या तासांची.

१२/
आणि सरावाचे तास म्हणजे टेबलाजवळ राहण्याचे तास. इथेच सगळा इतिहास अडतो. टेबल क्लबात, म्हणून ज्याला क्लबात प्रवेश त्यालाच सराव. हिंदुस्थानातील युरोपियन क्लबांचे दार आधी वंशाने बंद होते. पुण्यातील हिंदी खेळाडूंनी म्हणूनच आपल्या संस्था उभारल्या : १९०० मध्ये पी.वाय.सी. हिंदू जिमखाना, १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना. ‘आम्हांलाही मैदान हवे’ हे त्या संस्थांचे म्हणणे होते, आणि त्यांनी ते मिळवले.

१३/
पण एक दार उघडले की त्याच्या आत दुसरे दिसते. पळवणकर बाळू हा पुण्यातला विलक्षण डावखुरा गोलंदाज. युरोपियन क्लबात तो खेळपट्टीची देखभाल करी आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकी. हिंदूंच्या संघात त्याला घेतले गेले ते त्याच्या गोलंदाजीशिवाय भागेना म्हणून. चहाच्या वेळी मात्र त्याचे भांडे वेगळे असे. वंशाच्या दारापलीकडे जातीचे दार उभे होते. आणि त्या दोहोंच्या पलीकडे स्त्रियांचे.

१४/
बाळूच्या उदाहरणात आणखी एक धागा आहे. मैदानावरचा नोकर चेंडू टाकता टाकता खेळाडू झाला. बिलियर्ड्सच्या खोलीतही असाच एक नोकर असे : मार्कर. गुण मोजणे, चेंडू पुन्हा मांडणे, कापड साफ करणे, क्यूला टोक बसवणे ही त्याची कामे. साहेब नसताना तो खेळे, साहेबाला जोडीदार नसला की साहेबाशी खेळे. भारतातील कित्येक गरीब घरच्या पुरुषांच्या हाती क्यू आला तो या मागच्या दाराने.

१५/
स्त्रियांना पुढचे दारही नव्हते आणि मागचेही नव्हते. सभासदत्व सहसा पुरुषाच्या नावे. पत्नी कुटुंबाची म्हणून बागेत, जेवणघरात, पत्त्यांच्या टेबलाशी बसू शके. बिलियर्ड्सची खोली, तिथला चिरुटाचा धूर आणि मद्याचे पेले ही पुरुषांची जागा मानली जाई. मार्करची नोकरी स्त्रीला मिळणे अशक्य. पुरुषाला संपत्तीने किंवा सेवेने टेबल गाठता येई. स्त्रीला यांपैकी कोणतीच वाट खुली नव्हती.

१६/
पुण्याने या खेळाला पहिला मोठा भारतीय विजेता दिला, हे इथे आठवायला हवे. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात, एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले. कोणत्याही वैयक्तिक खेळातला हा भारताचा पहिला जागतिक विजेता. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. पुण्यात खेळाची गुणवत्ता होती, परंपरा होती. त्या परंपरेत स्त्रीचे नाव मात्र नव्हते.

१७/
इंग्लंडमध्ये काय चालले होते? १९३० च्या दशकात तिथे एक छोटी खिडकी उघडली. १९३१ मध्ये स्त्रियांची बिलियर्ड्स संघटना निघाली आणि १९३४ मध्ये महिलांची व्यावसायिक स्नूकर स्पर्धा सुरू झाली. रूथ हॅरिसन ही तिची पहिली विजेती. पुढे अनेक वर्षे तिने विजेतेपद सोडले नाही. जॉइस गार्डनर आणि थेल्मा कार्पेंटर यांचीही नावे गाजली. पण टेबल बनवणाऱ्या कंपन्यांच्या आश्रयावर चाललेला हा डोलारा १९५० नंतर कोसळला. खिडकी पुन्हा बंद झाली.

१८/
१९७६ मध्ये मिडल्सब्रो येथे महिलांची खुली स्पर्धा झाली आणि व्हेरा सेल्बी जिंकली. ही पहिली जागतिक महिला स्नूकर स्पर्धा मानली जाते. व्हेराला हा खेळ कुठे भेटला? तिच्या काकांच्या घराच्या तळघरात, वयाच्या सहाव्या वर्षी. तिथे टेबल होते. म्हणजे जागतिक विजेतेपदाची सुरुवात एका घरातल्या उघड्या दारापासून झाली. १९८१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तिने ते पुन्हा जिंकले. ज्या खेळात ५१ व्या वर्षी जगज्जेतेपद मिळते, तिथे शरीरबळाचा युक्तिवाद टिकत नाही.

१९/
तरी दार सहजी उघडले नाही. १९७८ मध्ये इंग्लंडच्या वेकफील्ड शहरातील कामगार क्लबात शीला कॅपस्टिक या महिलेला स्नूकर खेळण्यास मनाई करण्यात आली. कारण पुरुष सभासदांची तक्रार. तिने निदर्शने केली, देशभर मोहीम उभी केली. ‘निवडीचा हक्क’ या स्त्री-चळवळीच्या घोषणेवर श्लेष साधून तिने ‘क्यूचा हक्क’ मागितला. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा, म्हणून घोषणा चटकन पसरली. त्या क्लबांच्या महासंघाने स्त्रियांना पूर्ण समान सभासदत्व दिले ते २००७ मध्ये. तक्रार ते न्याय : २९ वर्षे.

२०/
ज्या देशाने हा खेळ नेला, तिथे ही स्थिती. मग ज्या देशात तो जन्मला तिथे काय? १९८१ मध्ये मँडी फिशर यांच्या पुढाकाराने महिला स्नूकरची जागतिक संघटना उभी राहिली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला तिच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम टप्पा चक्क नवी दिल्लीत रंगला. १९९४ मध्ये तिथे अ‍ॅलिसन फिशरने सातवे विजेतेपद मिळवले, १९९५ मध्ये कॅरेन कॉर जिंकली. खेळ आपल्या जन्मभूमीत परतला होता. या वेळी टेबलाशी स्त्रिया होत्या. पण अंतिम सामन्यात भारतीय कोणी नव्हती.

२१/
त्याच दशकात भारतीय शहरांत चित्र पालटू लागले. स्नूकर पार्लर निघाली. तासावर पैसे मोजले की टेबल मिळू लागले. क्लबाच्या सभासदत्वाची अट सुटली. पण पार्लरची कीर्ती बरी नव्हती : अंधारी जागा, धूर, पैजा, रिकामटेकड्या पोरांचा अड्डा. मुलाने तिथे जाणे हे घरच्यांच्या काळजीचे कारण, तर मुलीने जाणे हे प्रश्नाच्याही पलीकडचे. पैशाचे दार उघडले आणि त्याच्या आत लौकिकाचे दार उभे राहिले. ज्या मुली पुढे आल्या, त्यांच्यापैकी अनेकींच्या मागे सोबत येणारे वडील, भाऊ किंवा शिक्षक होते.

२२/
एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय स्त्रियांची नावे ठळक होऊ लागली. महाराष्ट्राच्या अनुजा ठाकूर यांना २००५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६० च्या दशकात विल्सन जोन्स यांच्यापासून सुरू झालेल्या या खेळाच्या यादीत हे पहिले स्त्रीनाव. मधे ४० हून अधिक वर्षांचे अंतर. कर्नाटकची चित्रा मगिमैराज आधी राज्याकडून हॉकी खेळली होती. तिने २००६ आणि २००७ मध्ये महिला बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले.

२३/
बेंगळुरूच्या आर. उमादेवी यांची वाट तर दाराच्या या इतिहासाचे बोलके उदाहरण आहे. त्या शासनाच्या उद्यान विभागात नोकरीला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्लबात टेबल टेनिस खेळायला जात. ते टेबल रिकामे नसले की शेजारच्या बिलियर्ड्सच्या टेबलाकडे लक्ष जाई. हातात क्यू आला तो असा, वयाच्या तिशीच्या आसपास. २०१२ मध्ये त्या बिलियर्ड्सच्या जगज्जेत्या झाल्या. दार उघडे सापडले, एवढाच काय तो योगायोग. पुढची सारी मेहनत त्यांची.

२४/
आणि पुणे? २०१३ मध्ये आयर्लंडमधील कार्लो येथे जागतिक सांघिक स्नूकर स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळवले. त्या संघात बेंगळुरूच्या विद्या पिल्लै यांच्याबरोबर पुण्याची अरांता सँचिस होती. विल्सन जोन्स यांच्या पहिल्या विजेतेपदानंतर ५५ वर्षांनी पुण्याचे नाव पुन्हा जागतिक सुवर्णाशी जोडले गेले, आणि या वेळी ते एका तरुण स्त्रीने जोडले. या बातमीला क्रिकेटच्या गदारोळात फार जागा मिळाली नाही.

२५/
शहरातही बदल झाला होता. वंशाच्या बंद दाराला उत्तर म्हणून १९०० मध्ये उभ्या राहिलेल्या पी.वाय.सी. हिंदू जिमखान्याने गेल्या दशकात राष्ट्रीय बिलियर्ड्स-स्नूकर स्पर्धा भरवल्या. त्यांत महिलांचे सामनेही होते. राष्ट्रीय स्पर्धेतली महिला गटाची फ्रेम हे आज साधे दृश्य वाटते : काळी पँट, वेस्टकोट, पंचाचा पांढरा हातमोजा, आणि चेंडू खिशात पडल्याचा तो दबका आवाज. पण त्या दृश्यामागे १४० वर्षांचा हिशेब आहे.

२६/
हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही, हेही सांगायला हवे. महिला स्नूकरला पैसा तोकडा. २००३ च्या सुमारास जागतिक संस्थेने हात आखडता घेतला आणि २००४ मध्ये जागतिक महिला स्पर्धा झालीच नाही. अ‍ॅलिसन फिशर, केली फिशर यांसारख्या विजेत्या चरितार्थासाठी अमेरिकेत ‘पूल’ खेळायला गेल्या. आशियाई क्रीडास्पर्धेत २०१० मध्ये ग्वांगझूला महिलांचे ‘सिक्स-रेड’ स्नूकर होते. त्यानंतर हा खेळच यादीतून गेला. पदक नाही म्हटल्यावर नोकरी, शिष्यवृत्ती आणि शासकीय मदत यांची वाटही अरुंद झाली.

२७/
तरीही खेळाडू थांबल्या नाहीत. इंदूरची अमी कमानी २०१६ च्या जागतिक हौशी स्पर्धेत उपविजेती ठरली. २०१७ मध्ये सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विद्या पिल्लै आणि हाँगकाँगची इंग ऑन-यी यांची गाठ पडली. दहा फ्रेमनंतर ५-५. अकराव्या फ्रेमने निकाल लागला, इंग ६-५ ने जिंकली. भारतीय स्त्री जागतिक विजेतेपदापासून एका फ्रेमच्या अंतरावर येऊन थांबली.

२८/
ते अंतर आठ वर्षांनी तुटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे जागतिक हौशी स्नूकर स्पर्धेच्या महिला गटात चेन्नईची अनुपमा रामचंद्रन अंतिम फेरीत पोहोचली. समोर तीच इंग ऑन-यी, तीन वेळची जगज्जेती. सामना पुन्हा निर्णायक फ्रेमपर्यंत गेला. या वेळी निकाल ३-२, अनुपमाच्या बाजूने. हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. जबलपूरच्या मेसमध्ये खेळ जन्मला त्याला तेव्हा बरोबर १५० वर्षे होत होती.

२९/
एक प्रश्न उरतो : या खेळात स्त्रियांची स्पर्धा वेगळी कशाला? बळाचा प्रश्न नाही, तर एकत्र का खेळू नये? नियमाने मनाई नाहीच. २०२१ मध्ये रिअ‍ॅन इव्हान्स आणि इंग ऑन-यी यांना पुरुषांबरोबरच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत दोन वर्षांचे स्थान देण्यात आले. तिथे विजय मिळवणे कठीण गेले. पण त्यावरून ‘स्त्रियांना जमत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी तासांची तुलना करावी.

३०/
सात-आठ वर्षांचा असल्यापासून रोज क्लबात रमणारा मुलगा विशीत येईपर्यंत हजारो तास टेबलाशी घालवतो. त्याच्याभोवती त्याच्याहून सरस खेळणारे असतात, त्यांच्याकडून हरत हरत तो शिकतो. मुलीला तेच टेबल उशिरा, थोडा वेळ आणि कोणाच्या तरी सोबतीने मिळते. वेगळी स्पर्धा ही दुबळ्यांसाठीची सवलत नव्हे. जे तास इतिहासाने नाकारले, ते भरून काढण्यासाठी उभारलेला तो एक जिना आहे. जिन्याचा उपयोग वर जाण्यासाठीच असतो.

३१/
म्हणून देवधर भगिनी आणि अरांता सँचिस यांच्यामधले अंतर गुणवत्तेचे मानता येत नाही. एकाच शहराच्या त्या मुली. पहिल्या तिघींना १९४० च्या दशकात मोकळे अंगण मिळाले. चौथीला बंद खोलीचे दार उघडेपर्यंत आणखी ७० वर्षे जावी लागली. इतिहासात ‘अमुक क्षेत्रात स्त्रिया का नव्हत्या’ असा प्रश्न पडला, की उत्तर शोधताना आधी त्या क्षेत्राचे ठिकाण पाहावे : ते कोणाच्या मालकीचे होते, संध्याकाळी तिथे कोण बसत असे, आणि किल्ली कोणाकडे होती.

३२/
पुण्यात स्पर्धा भरतात तेव्हा प्रेक्षक मोजकेच असतात, आणि महिलांच्या सामन्यांना त्याहूनही थोडे. ज्यांना इतिहास आवडतो त्यांनी एकदा तिथे जाऊन बसावे. टेबलावर एक मुलगी वाकलेली दिसेल, हनुवटी क्यूला टेकलेली, नजर काळ्या चेंडूवर. तिचा तो एक फटका काही सेकंदांचा असतो. ती खोली तिच्यासाठी उघडायला मात्र किती पिढ्या लागल्या, हे पाहणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

#इतिहास #पुणे #स्नूकर